स्थानिक स्काउट पथकाचे स्थापनावर्ष कसे ठरवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्काउट पथकाच्या सभागृहात ‘स्थापना १९०८’ असा फलक लावलेला आहे. दप्तरात सापडलेला सर्वात जुना कागद मात्र १९११ चा नोंदणीचा दाखला आहे. पथकाचा सुरुवातीचा इतिहास लिहायला घेतलेल्या मंडळींना विचारायचे आहे की फलक खरा मानावा की दाखला, आणि मधल्या तीन वर्षांचे काय करावे. मी बरीच वर्षे स्काउटमास्टर, म्हणजे पथकाचा प्रौढ नेता, होतो आणि त्यानंतर जुन्या पथकांची दप्तरे लावण्याचे काम करत आलो आहे. हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत अनेकदा आलेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फलक आणि दाखला हे दोन्ही खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या घटनांविषयी बोलतात. हे नीट उमगण्यासाठी स्काउट चळवळ कशी सुरू झाली ते आधी लक्षात घ्यावे लागते. ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील पूल बंदरातल्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यांत काही मुले खर्चिक निवासी शाळांतली होती आणि काही ‘बॉइज ब्रिगेड’ या मुलांच्या ख्रिस्ती संघटनेच्या स्थानिक तुकड्यांतली, म्हणजे साध्या घरांतली होती. लांडगे, बैल, कर्ल्यू (लांब चोचीचा एक पाणपक्षी) आणि डोमकावळे अशा चार टोळ्यांत ही मुले वाटून दिली होती. मात्र या शिबिरातून कोणतीही संस्था जन्माला आली नाही, आणि तसा हेतूही त्या वेळी नव्हता. विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगो येथे स्थापन केलेली बॉइज ब्रिगेड, वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संस्था आणि तत्सम संस्था यांनी आपल्या मुलांसाठी ही पद्धत वापरावी, एवढीच बेडन-पॉवेल यांची मूळ कल्पना होती.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक दर पंधरवड्याला एक अशा सहा भागांत प्रसिद्ध होऊ लागले आणि सगळे चित्र पालटले. मुलांनी ते भाग स्वतः विकत घेतले, गल्लीतल्या मित्रांना वाचून दाखवले, त्यात सांगितल्याप्रमाणे सहा-आठ जणांची टोळी जमवली, टोळीला एखाद्या प्राण्याचे नाव दिले, काठ्या मिळवल्या आणि गावाबाहेरच्या माळावर माग काढण्याचा सराव सुरू केला. मोठ्या माणसाचा शोध त्यानंतर सुरू झाला. कोणी शिक्षकाच्या मागे लागले, कोणी चर्चच्या तरुण धर्मोपदेशकाला गळ घातली, कोणी सैन्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याचे दार ठोठावले. आधी मुले जमली, मग नेता मिळाला आणि नोंदणी सगळ्यात शेवटी झाली, हा क्रम मनात पक्का ठेवला नाही, तर १९०८ ते १९११ या काळातल्या कोणत्याही पथकाचा इतिहास हाती लागत नाही.

हा क्रम मला एका हजेरीवहीत अक्षरशः डोळ्यांनी पाहता आला. वही साधी, शाळकरी आखणीची होती. पहिली पाने शिसपेन्सिलीने भरलेली होती आणि अक्षर बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे होते. सात नावे, त्यापुढे हजेरीच्या फुल्या, वर्गणी दिली-न दिली याच्या खुणा. एका नावावर काट मारून बाजूला ‘आई नको म्हणते’ अशा अर्थाची ओळ होती. पाच आठवड्यांच्या नोंदी अशा होत्या. त्यापुढच्या पानावर एकाएकी काळी शाई आणि मोठ्या माणसाचे सफाईदार वळण दिसू लागले, आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘पथकाची पहिली सभा.’ नव्या स्काउटमास्टरांच्या दृष्टीने ती खरोखरच पहिली सभा होती. पेन्सिल धरणाऱ्या मुलाच्या लेखी ती सहावी होती. त्या पथकाच्या छापील स्मरणिकेत शाईची तारीख स्थापनादिन म्हणून गेली आणि पेन्सिलीच्या पाच आठवड्यांचा उल्लेखही राहिला नाही. याचे मला आजही वाईट वाटते, कारण पथक उभे केले ते त्या सात मुलांनी.

म्हणून माझा आग्रह असतो की स्थापनेची एकच तारीख शोधत बसू नये. मुले टोळी म्हणून प्रथम कधी जमली, त्यांनी वचन घेऊन दीक्षा कधी घेतली, जबाबदार स्काउटमास्टर कधी मिळाला आणि नोंदणी कधी झाली, या चार घटना स्वतंत्रपणे मांडाव्यात. प्रत्येकीच्या पुढे ती कशावरून ठरवली तेही लिहावे. एखाद्या घटनेला तारीख सापडली नाही तर जागा मोकळी सोडावी. अंदाजाने भरलेली तारीख पुढच्या स्मरणिकेत वस्तुस्थिती म्हणून छापली जाते आणि मग ती काढणे फार जड जाते.

आता १९०८ या वर्षाविषयी. हे वर्ष अशक्य मुळीच नाही. ग्लासगोच्या पहिल्या पथकाचा नोंदणीचा दाखला २६ जानेवारी १९०८ चा असून ज्ञात दाखल्यांमध्ये तो सर्वात जुना मानला जातो. म्हणजे पुस्तकाचे भाग अजून निघतच होते, तेव्हा काही ठिकाणी पथके उभी राहिली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘द स्काउट’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये नॉर्थंबरलंडमधील हमशॉ येथे बेडन-पॉवेल यांनी स्पर्धेतून निवडलेल्या मुलांचे शिबिर घेतले. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हा सुमारे अकरा हजार मुले जमली. १९१० पर्यंत ब्रिटनमधल्या स्काउटांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या चळवळीच्या कार्यालयातली कागदपत्रे मैदानावरच्या घडामोडींच्या मागे पडली यात नवल नाही. संघटनेला राजसनद मिळाली ती १९१२ च्या जानेवारीत. तेव्हा १९०८ मध्ये जमलेल्या आणि १९११ मध्ये नोंदलेल्या पथकाची कथा त्या काळाशी पूर्णपणे जुळते. मात्र ‘जुळते’ आणि ‘सिद्ध होते’ यांत अंतर आहे आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते पुसू नये.

पथकाच्या क्रमांकावरून निष्कर्ष काढताना विशेष जपावे. ‘पहिले’ अमुक गावचे पथक याचा अर्थ त्या स्थानिक संघटनेच्या यादीतले पहिले, एवढाच असतो. त्यावरून वर्ष ठरत नाही. शिवाय एखादे पथक बंद पडले की त्याचा क्रमांक काही काळाने दुसऱ्या पथकाला दिला जाई. मी पाहिलेल्या एका प्रकरणात युद्धानंतर नव्याने निघालेल्या पथकाला जुना क्रमांक मिळाला आणि पुढच्या पिढीने क्रमांकाबरोबर त्या जुन्या पथकाचा वाढदिवसही घेतला. दोघांत क्रमांकाखेरीज काहीही समान नव्हते, एकही मुलगा नाही, एकही नेता नाही, जागासुद्धा नाही.

अधिकृत यादीत नाव नाही म्हणून पथक नव्हतेच, असेही म्हणता येत नाही. १९०९ मध्ये ‘ब्रिटिश बॉय स्काउट्स’ नावाची वेगळी संघटना निघाली. बेडन-पॉवेल यांच्या संघटनेचे लंडनमधले एक प्रमुख अधिकारी सर फ्रान्सिस व्हेन हे मतभेदांमुळे बाहेर पडून या संघटनेला मिळाले आणि काही पथकेही तिकडे गेली. लष्करी वळणाला विरोध आणि स्थानिक पथकांचा अधिकार हे त्या वादातले मुख्य मुद्दे होते. १९१२ मध्ये व्हेन यांचे दिवाळे निघाले आणि त्यानंतर अनेक पथके मूळ संघटनेकडे परतली. अशा पथकाच्या नोंदणीची तारीख साहजिकच उशिराची दिसते, जरी मुले आधीपासून त्याच खोलीत, त्याच स्काउटमास्टरांकडे येत असली तरी. त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना केवळ ‘बॉय स्काउट्स’ हे शब्द पुरत नाहीत. ‘पीस स्काउट्स’ हे नावही शोधावे, कारण या दुसऱ्या प्रवाहाशी ते जोडलेले होते.

मुलींचे नाव या सगळ्यात हमखास निसटते. पुस्तक मुलांसाठी लिहिलेले असले तरी मुलींनीही ते वाचले आणि आपल्या टोळ्या काढल्या. क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्याला त्यांतल्या काही जणी स्काउट म्हणून हजर होत्या. १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली गर्ल गाइड्सची वेगळी संघटना झाली आणि मुलींच्या टोळ्या तिकडे वळल्या. आपल्या पथकाच्या पहिल्या दोन वर्षांच्या याद्यांत आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच असेल, तर ते सगळे मुलगेच होते असे गृहीत धरू नये. गावातल्या गाइड पथकाचे दप्तर मागून पाहावे, तिथे तीच आडनावे पुन्हा भेटू शकतात.

कागद कुठे शोधावेत, याबाबत माझा अनुभव असा की पथकाच्या स्वतःच्या कपाटात सर्वात कमी सापडते. सुरुवातीची बरीच पथके चर्च, शाळा किंवा मुलांच्या क्लबच्या आश्रयाने चालत, त्यामुळे जागेच्या वापराची परवानगी, दिव्याच्या खर्चाची तक्रार, फुटलेल्या तावदानाची भरपाई या गोष्टी त्या आश्रयदात्या संस्थेच्या इतिवृत्तांत नोंदलेल्या असतात. तावदानाची नोंद क्षुल्लक वाटते, पण अमुक दिवशी अमुक खोलीत मुले जमत होती हे ती निर्विवाद सांगते, आणि सांगणाऱ्याचा त्यात कोणताही हितसंबंध नसतो. स्थानिक साप्ताहिके हा दुसरा मोठा साठा आहे. पथकांच्या बातम्या बहुधा स्काउटमास्टर स्वतःच लिहून पाठवत, म्हणून त्यांतली स्तुती बाजूला ठेवावी आणि तारीख, ठिकाण, संख्या, नावे तेवढी घ्यावीत. स्काउटमास्टरांचे नेमणूकपत्र घरच्यांनी जपून ठेवलेले असू शकते. ब्रिटनमधील पथक असेल तर १९११ च्या जनगणनेतून त्या काळचे स्काउटमास्टर, त्यांचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण यांचा माग लागतो. बॉइज ब्रिगेडची तुकडी त्याच गावात असेल तर तिचे दप्तर अवश्य पाहावे, कारण पुष्कळ ठिकाणी तिथलीच मुले दोन्हीकडे जात होती.

छायाचित्रांवर फार लवकर विश्वास ठेवला जातो. एकदा मला ‘१९१०, पहिले शिबिर’ असे मागे लिहिलेले छायाचित्र दाखवण्यात आले. तंबूपुढे रुंद कडांच्या टोप्या घातलेली अकरा मुले उभी होती, हातात उंच काठ्या, डाव्या खांद्यावर टोळीच्या रंगाच्या फिती लोंबत होत्या. हे सगळे १९१० ला शोभणारे होते. पण पुढच्या ओळीत मांडी घालून बसलेल्या दोन लहानग्यांच्या डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या गोल टोप्या होत्या. त्या वुल्फ कबच्या, म्हणजे स्काउटांच्या लहान मुलांच्या विभागाच्या, टोप्या. लहान मुलांसाठीचे प्रयोग १९१४ च्या सुमारास सुरू झाले आणि कब विभाग रीतसर सुरू झाला तो १९१६ मध्ये. म्हणजे छायाचित्र १९१० चे असूच शकत नव्हते. मग मागची ओळ भिंगातून पाहिली तेव्हा ती बॉलपेनची निघाली. बॉलपेन सर्रास वापरात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे कुणीतरी निदान तीस-पस्तीस वर्षांनी, आठवणीवर विसंबून, अगदी प्रामाणिकपणे ते वर्ष लिहिले होते. छायाचित्र खोटे नव्हते, ओळ उशिराची होती. प्रत्येक जुन्या वस्तूच्या बाबतीत वस्तू कधीची आणि तिच्यावरचे लिखाण कधीचे, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

अशा आणखी काही खुणा उपयोगी पडतात. मूळ पुस्तकात स्काउटचे नऊच नियम होते. विचार, उच्चार आणि आचार यांच्या शुद्धतेचा दहावा नियम काही वर्षांनी जोडला गेला. त्यामुळे हाताने रंगवलेला नऊ नियमांचा तक्ता सापडला तर तो पहिल्या काही वर्षांतला असण्याची शक्यता बळावते. ‘किंग्ज स्काउट’ हा सन्मान १९०९ मध्ये सुरू झाला, त्याआधीचा दावा दिसला तर तारीख तपासावी. ‘रोव्हर’ (वयाने मोठ्या स्काउटांचा विभाग) हा शब्द १९१८ च्या आधीच्या कागदात येऊ नये. लंडनजवळच्या गिलवेल पार्कमधील नेत्यांचे प्रशिक्षण १९१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्या प्रशिक्षणाचा ‘वुड बॅज’ हा बिल्ला मिळवलेला स्काउटमास्टर त्याआधी असू शकत नाही. ‘ग्रूप’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. कब, स्काउट आणि रोव्हर यांना एका छत्राखाली आणणारी ग्रूपची रचना ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस आली. त्याआधी पथक होते, ग्रूप नव्हता, म्हणून ‘१९०८ मध्ये ग्रूपची स्थापना झाली’ हे वाक्य काटेकोरपणे पाहिले तर चूकच आहे.

पथक ब्रिटनबाहेरचे असेल तर पद्धत हीच, मोजपट्टी मात्र त्या देशाची घ्यावी. अमेरिकेतील संघटना ८ फेब्रुवारी १९१० रोजी कायदेशीररीत्या स्थापन झाली, पण तिथेही त्याआधीपासून मुले ते पुस्तक वाचून जमत होती. भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन बेकर यांनी काढले आणि सुरुवातीला ही दारे युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठीच उघडी होती. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासकडे, तर मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या माध्यमातून अलाहाबादकडे वेगळ्या संघटना उभ्या केल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संघटना झाली. त्यामुळे जुन्या पत्रशीर्षावर कोणत्या संघटनेचे नाव आहे, एवढ्यावरूनही पथकाच्या वाटचालीतला टप्पा ओळखता येतो.

आता सर्वात नाजूक भाग, पहिल्या महायुद्धाचा. १९१४ मध्ये ब्रिटनमधले तरुण स्काउटमास्टर मोठ्या संख्येने सैन्यात गेले. कित्येक पथके बंद पडली. काही ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या टोळीनायकांनी पथक चालवले, काही ठिकाणी स्त्रियांनी, विशेषतः लहान मुलांची, जबाबदारी उचलली. स्काउट मुले किनाऱ्यावर पहारे देत, निरोप पोहोचवत आणि हवाई हल्ला टळल्याची सूचना बिगुल वाजवून देत. या वर्षांत वह्या लिहायला कोणाला सवड नव्हती, म्हणून दप्तरात १९१५ ते १९१८ अशी पोकळी दिसते आणि ‘पथक बंद होते’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तसे लिहिण्यापूर्वी वर्तमानपत्रांतल्या युद्धसेवेच्या बातम्या पाहाव्यात, मुलांना मिळालेल्या युद्धसेवा पदकांच्या नोंदी शोधाव्यात आणि गावातल्या युद्धस्मारकावरची नावे पथकाच्या जुन्या यादीशी ताडून पाहावीत. हे शेवटचे काम एकट्याने करू नये असे मी सांगतो. १९०९ च्या हजेरीत ज्याच्या नावापुढे ओळीने फुल्या आहेत, त्याचे नाव स्मारकाच्या दगडावर वाचताना मन थाऱ्यावर राहत नाही. पण हे केल्याशिवाय पथकाचा इतिहास पुरा होत नाही, कारण पहिल्या पिढीतली मुले कुठे गेली याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच असते.

खंड खरोखरच पडला असेल तर तो सरळ लिहावा. बंद पडून पुन्हा उभे राहिलेल्या पथकाला मी कमी लेखत नाही. उलट कोणी पुन्हा उभे केले, जुन्यांतले कोण परतले, तीच खोली मिळाली का, जुना झेंडा कुणाच्या घरी राहिला होता, हे तपशील वाचकाला पथकाच्या अधिक जवळ नेतात. सातत्य ठरवताना मी माणसे पाहतो. निदान एखादा नेता किंवा टोळीनायक खंडाच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, तर तेच पथक पुन्हा सुरू झाले असे म्हणायला आधार आहे. फक्त नाव किंवा क्रमांक समान असेल तर नाही.

तोंडी आठवणी घ्याव्यात, पण पहिल्या पिढीतले कोणी आता हयात नसल्यामुळे त्या ऐकीव असतात. म्हणून सांगणाऱ्याला ‘हे तुम्हांला कोणी सांगितले, आणि तेव्हा तुमचे वय काय होते?’ असे विचारून उत्तर त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. हयात व्यक्तींची नावे आणि घरगुती माहिती त्यांच्या संमतीशिवाय छापू नये. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, छायाचित्रांच्या पाठीमागे शाईने लिहू नये. नवी माहिती वेगळ्या कागदावर, तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव घालून ठेवावी, म्हणजे तीस वर्षांनी कोणाला बॉलपेनच्या ओळीशी झगडावे लागणार नाही.

तुमच्या फलकापुरते सांगायचे तर तो आज उतरवू नका आणि १९११ हे वर्षही त्यावर कोरू नका. आधी आश्रयदात्या संस्थेची १९०८ ते १९११ ची इतिवृत्ते आणि त्याच वर्षांची स्थानिक साप्ताहिके पान न् पान पाहून घ्या. १९०८ मध्ये मुले जमत असल्याचा एकही समकालीन उल्लेख मिळाला, मग तो तावदानाचा का असेना, तर ‘१९०८ पासून कार्यरत, नोंदणी १९११’ असे लिहिता येईल. काहीच मिळाले नाही तर फलक तसाच ठेवून त्याखाली एक लहान ओळ जोडा, की १९०८ हे वर्ष पथकात परंपरेने सांगितले जाते आणि सर्वात जुना उपलब्ध दाखला १९११ चा आहे. तो फलक कोणत्या वर्षी आणि कोणी बसवला, हेही शोधून त्याच ओळीत घाला.